आमदारावर भ्रष्टाचाराचा गुन्हा दाखल झाला, पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमदाराच्या बंगल्यावर पहाटे पथक धडकलं की दुपारपर्यंत मतदारसंघात एकच वाक्य फिरतं: "आता गेली आमदारकी." बहुतेक वेळा ती जात नाही. जाते तेव्हा अशा क्षणी जाते, की तोवर लोकांचं लक्ष दुसरीकडे लागलेलं असतं. गुन्हा आणि निकाल यांच्यामध्ये दहा-वीस वर्षं सहज निघतात आणि आमदाराची बरीचशी कारकीर्द त्या मधल्या काळातच घडते. इथले बहुतेक प्रश्न त्या काळाबद्दलचेच आहेत.

गुन्हा दाखल झाला किंवा अटक झाली की आमदारकी रद्द होते का?

नाही. गुन्हा, छापा, अटक, कोठडी, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती यांपैकी कशानेही आमदारकी जात नाही. छगन भुजबळ यांना ईडीने १४ मार्च २०१६ रोजी अटक केली आणि मे २०१८ मध्ये त्यांना उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. ही दोन वर्षं ते येवल्याचे आमदारच होते. अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातल्या घोटाळ्याच्या आरोपावरून मोहोळचे रमेश कदम यांना ऑगस्ट २०१५ मध्ये अटक झाली. त्यांनी तर आमदारकीची उरलेली मुदत तुरुंगातच काढली.

आमदाराला अटकेपासून संरक्षण असतं, हाही एक गैरसमज. अधिवेशनाच्या आगेमागे ४० दिवसांचं जे संरक्षण आहे ते फक्त दिवाणी प्रकरणांपुरतं. फौजदारी गुन्ह्यात पोलिसांनी अटक करून अध्यक्षांना कळवलं की पुरतं. विधान भवनाच्या आवारात अटक करायची असेल तरच अध्यक्षांची आधी परवानगी लागते.

मग आमदारकी नेमकी जाते कधी?

न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा सुनावली की त्याच दिवशी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ८ त्यासाठी आहे आणि भ्रष्टाचाराच्या बाबतीत त्याचे दोन रस्ते आहेत.

दोषसिद्धी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली असेल तर शिक्षा किती, हा प्रश्नच येत नाही. नुसता दंड झाला तरी सहा वर्षांची अपात्रता. तुरुंगवास झाला तर तो संपेपर्यंत आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. खटला फसवणूक, विश्वासघात, बनावट दस्तऐवज अशा कलमांखाली असेल, तर शिक्षा किमान दोन वर्षांची असावी लागते. सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने यांची प्रकरणं बहुधा या दुसऱ्या रस्त्याने जातात. म्हणून अशा निकालाच्या दिवशी वकील मंडळी "दोषी की निर्दोष" याइतकंच "किती महिने" याकडे कान लावून असतात.

हिशेब करून पाहा. पाच वर्षांची शिक्षा पूर्ण भोगावी लागली तर पाच अधिक सहा, म्हणजे अकरा वर्षं निवडणुकीबाहेर. दोन विधानसभा तर नक्कीच गेल्या.

वरच्या कोर्टात अपील केलं की अपात्रता थांबते ना?

पूर्वी थांबायची. कलम ८(४) नुसार विद्यमान आमदार-खासदाराला तीन महिन्यांची मुभा होती आणि त्या मुदतीत अपील केलं की निकाल लागेपर्यंत खुर्ची शाबूत. अपिलं दहा दहा वर्षं चालायची, त्यामुळे व्यवहारात ते कलम म्हणजे अभयपत्रच होतं. लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं. केंद्र सरकारने त्यावर वटहुकूम आणायचा घाट घातला. राहुल गांधींनी भर पत्रकार परिषदेत तो फाडून टाकण्याच्या लायकीचा ठरवला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारने तो मागे घेतला. त्याच महिन्यात चारा घोटाळ्यात दोषी ठरलेल्या लालूप्रसाद यादव यांची खासदारकी गेली.

आता अपील करता येतं, पण नुसत्या अपिलाने काही वाचत नाही. दोषसिद्धीला स्थगिती मिळवावी लागते.

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती, हे दोन वेगळे प्रकार आहेत?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो आणि बातम्यांचे मथळे त्यात भर घालतात. शिक्षेला स्थगिती म्हणजे अपील चालू असेपर्यंत तुरुंगात जायची गरज नाही, जामीन. दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे "हा माणूस दोषी आहे" हा निष्कर्षच तूर्त गोठवणं. आमदारकीचा संबंध दुसऱ्या प्रकाराशी. पहिली स्थगिती बऱ्याचदा मिळते, दुसरी अपवादानेच.

सावनेरचे काँग्रेस आमदार आणि माजी मंत्री सुनील केदार यांचं प्रकरण यासाठी तपशिलात बघण्यासारखं आहे. केदार नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्ष असताना बँकेने खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे विकत घेतले. पैसे गेले, रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. रक्कम दीडशे कोटींच्या वर. गुन्हा २००२ चा. नागपूरच्या न्यायालयाने निकाल दिला २२ डिसेंबर २०२३ रोजी: पाच वर्षं सश्रम कारावास. मधल्या दोन दशकांत केदार निवडणुका जिंकत राहिले, पशुसंवर्धन मंत्रीही झाले.

निकालानंतर मात्र सगळं भराभर झालं. विधानमंडळ सचिवालयाने लगोलग अधिसूचना काढून २२ डिसेंबरपासून जागा रिक्त असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, ढोल-ताशे वाजले, स्वागताच्या मिरवणुका निघाल्या. अनेकांना वाटलं, सुटले. पण जुलैमध्ये त्याच उच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती द्यायला नकार दिला. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही.

उलट उदाहरण तमिळनाडूचं. मंत्री के. पोनमुडी यांना बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दोषी ठरवलं, आमदारकी गेली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली आणि ती परत आली. राज्यपाल मंत्रिपदाची शपथ द्यायला तयार होईनात, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांची खरडपट्टी काढली आणि मग शपथविधी झाला.

जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक लगेच होते का?

सहा महिन्यांत व्हायला हवी, पण सभागृहाची मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ती बंधनकारक नाही. सावनेरची जागा रिकामी झाली तेव्हा विधानसभेचे अकरा महिनेच उरले होते, म्हणून तिथे मतदान झालं नाही. त्याच सुमारास अकोला पश्चिमची (तिथे आमदारांचं निधन झालं होतं) पोटनिवडणूक आयोगाने जाहीर केली होती, तीही नागपूर खंडपीठाने याच मुद्द्यावर रद्द केली.

तुरुंगातला आमदार सभागृहात मतदान करू शकतो का?

मतदान कशाचं, त्यावर अवलंबून. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) तुरुंगात असलेल्या माणसाला त्या कायद्याखालच्या निवडणुकांत मतदान करू देत नाही. याच कलमाच्या आधारे जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत मतदान नाकारलं गेलं. दोन्ही निवडणुकांत एकेका मताची मारामार होती, त्यामुळे ती दोन मतं महाविकास आघाडीला चांगलीच जाणवली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक वेगळ्या कायद्याने होते. म्हणून २०१७ मध्ये भुजबळ आणि कदम यांना तुरुंगातून विधान भवनात आणून मतदान करू दिलं गेलं. विश्वासदर्शक ठराव तर निवडणूकच नव्हे. २९ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशमुख-मलिकांना बहुमत चाचणीला हजर राहायची मुभा दिली, पण त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला.

इतके दिवस गैरहजर राहिल्यावर सदस्यत्व रद्द होत नाही का?

घटनेच्या अनुच्छेद १९० मध्ये ६० दिवसांची अट आहे. पण हे दिवस बैठकांच्या काळातले मोजायचे. सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांपेक्षा लांब तहकुबी त्यात धरत नाहीत. शिवाय सभागृहाने परवानगी दिली की प्रश्न मिटला आणि नाही दिली तरी जागा रिक्त "करता येते", करावीच लागते असं नाही. आपल्याकडची अधिवेशनं किती दिवसांची असतात हे पाहिलं, तर या अटीची भीती कुणाला का नाही ते कळेल.

तुरुंगातून निवडणूक लढवता येते का?

दोषी ठरले नसतील तर येते. १० जुलै २०१३ रोजीच, लिली थॉमस निकालाच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका निकालात तुरुंगातल्या माणसाला निवडणूक लढवायलाही बंदी केली होती. संसदेने दोन महिन्यांत कायदा दुरुस्त करून ती उठवली. मत देता येत नाही, पण मत मागता येतं, अशी ही गंमत आहे.

जळगावकरांनी हे जवळून पाहिलंय. सुरेशदादा जैन म्हणजे जळगाव, असं समीकरण १९८० पासून होतं. पक्ष बदलले, आमदार तेच. घरकुल प्रकरणात मार्च २०१२ मध्ये त्यांना अटक झाली. २०१४ ची विधानसभा त्यांनी तुरुंगातून शिवसेनेच्या उमेदवारीवर लढवली आणि भाजपच्या सुरेश भोळे यांनी त्यांना हरवलं. न्यायालयाचा निकाल यायला अजून पाच वर्षं होती. त्यांची आमदारकी मतदारांनी काढून घेतली, कलम ८ ने नव्हे.

या खटल्यांना एवढी वर्षं का लागतात?

घरकुलाचंच उदाहरण घेऊ. नव्वदच्या दशकात जळगाव नगरपालिकेने कर्ज काढून अकरा हजारांहून अधिक घरकुलांची योजना आखली. मक्तेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली गेली, बरीचशी घरं अर्धवट राहिली. पालिकेची महापालिका झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. अटका सहा वर्षांनी, २०१२ मध्ये. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ रोजी: ४८ जण दोषी, जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटींचा दंड. त्यावर अपील आलंच.

या तेरा वर्षांत एकट्या न्यायालयाला दोष देऊन भागणार नाही. ठरावांच्या फायली, सभांची इतिवृत्तं, धनादेशांच्या नोंदी, लेखापरीक्षकांचे शेरे असा कागदांचा डोंगर असतो. आरोपी डझनांनी असतात. एकाचा वकील नाही आला की सगळ्यांची तारीख पुढे जाते. एखादा मुद्दा उच्च न्यायालयात गेला की खालचं काम थांबतं. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा खटल्यांत आरोपनिश्चितीपासून एका वर्षात निकाल द्या. २०१७ नंतर आमदार-खासदारांसाठी विशेष न्यायालयं आली, नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयांनी स्वतः देखरेख ठेवावी असाही आदेश झाला. फरक पडला नाही असं नाही, पण "एका वर्षात" हे अजून कागदावरच आहे. आणि ज्याला सत्तेत राहायचंय त्याला उशीर सोयीचाच असतो.

खटला भरायला मंजुरी कोणाची लागते?

माजी मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न महाराष्ट्रात दोनदा गाजला. अ. र. अंतुले यांच्यावर सिमेंट वाटपाच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याचा आरोप होता. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, आमदारकी मात्र ठेवली. मग वाद असा, की आमदार हा लोकसेवक ठरतो का आणि त्याच्यावर खटल्याला पूर्वमंजुरी लागते का? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तेव्हाच्या दंड संहितेनुसार आमदार लोकसेवक नाही, सबब मंजुरी नको. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या रुंदावली आणि आमदार-खासदार तिच्यात आले. अंतुले पुढे लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात मंत्री झाले. राजीनामा म्हणजे कारकिर्दीचा शेवट, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं प्रकरण मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याचं. अशोक चव्हाण यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी २०१३ मध्ये मंजुरी नाकारली, पुढचे राज्यपाल विद्यासागर राव यांनी २०१६ मध्ये दिली, उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती रद्द केली. फाइल तीच, आरोप तेच, मधल्या काळात केंद्रातलं आणि राज्यातलं सरकार बदललं होतं.

मत देण्यासाठी पैसे घेतले तर? सभागृहातल्या मताला संरक्षण असतं ना?

मार्च २०२४ पर्यंत असतं असंच म्हणावं लागे. झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांच्यावर २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीत एका अपक्षाकडून लाच घेतल्याचा आरोप होता. सभागृहातल्या मताला असं संरक्षण देणाऱ्या १९९८ च्या नरसिंह राव निकालाचा आधार घेऊन त्या संरक्षण मागत होत्या. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ रोजी तो जुना निकालच मोडीत काढला: लाच घेतली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, मत कुणाला दिलं याने फरक पडत नाही. निकालाला पंधरा दिवस होतात न होतात तोच सीताबाई भाजपमध्ये गेल्या.

सहा वर्षांची बंदी कमी होऊ शकते का?

होऊ शकते आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. कलम ११ निवडणूक आयोगाला, कारणं नोंदवून, अपात्रता हटवण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार देतं.

सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग पशुसंवर्धन मंत्री असताना लोकांना दुभत्या गायी वाटायची योजना होती. तिच्यातल्या साडेनऊ लाखांच्या अपहारासाठी डिसेंबर २०१६ मध्ये ते दोषी ठरले, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालीच. एक वर्ष तुरुंगात काढून ऑगस्ट २०१८ मध्ये सुटले. म्हणजे २०२४ पर्यंत बंदी. पण २०१९ मध्ये त्यांचा पक्ष जिंकला आणि स्वतः न लढलेले तमांग मे महिन्यात मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांत आमदार होणं भाग होतं. सप्टेंबरच्या अखेरीस आयोगाने बंदी सहा वर्षांवरून एक वर्ष एक महिन्यावर आणली, म्हणजे ती आधीच संपलेली निघाली. ऑक्टोबरमध्ये ते पोटनिवडणूक जिंकले.

आता याच्या शेजारी २००१ चा निकाल ठेवा. तान्सी जमीन प्रकरणात दोषी ठरलेल्या जयललितांना राज्यपालांनी मुख्यमंत्री नेमलं होतं. जो आमदार व्हायला अपात्र आहे त्याला सहा महिन्यांच्या सवलतीवर मुख्यमंत्री करता येत नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. सिक्कीममधली शपथ या निकालात कशी बसते, याचं पटणारं उत्तर मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

अटक झालेल्या मंत्र्याचं पद जातं का?

आजच्या कायद्याने आपोआप जात नाही. नवाब मलिक अटकेनंतरही चार महिने, सरकार पडेपर्यंत, मंत्री होते. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत १३० व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं: पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं पद जाईल. ते संयुक्त समितीकडे गेलं. त्यात साध्या आमदाराच्या आमदारकीला हात लावलेला नाही.

स्वतः अपात्र ठरल्यावर घरातल्यांना उभं करता येतं का?

कायद्याची काहीच आडकाठी नाही. देवळालीचे शिवसेना आमदार बबनराव घोलप बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात मार्च २०१४ मध्ये दोषी ठरले, तेव्हा शिर्डी लोकसभेची त्यांची उमेदवारी जाहीर झालेली होती. ती सदाशिव लोखंडे यांना मिळाली आणि ते खासदार झाले. त्याच वर्षी देवळालीतून घोलपांचे चिरंजीव योगेश निवडून आले. वारसा दर वेळी चालतोच असं नाही. २०२४ मध्ये सावनेरला केदार यांच्या पत्नी अनुजा हरल्या. काटोलला अनिल देशमुखांच्या जागी चिरंजीव सलील उभे राहिले, तेही हरले. देशमुख दोषी ठरलेले नव्हते, त्यांना स्वतः लढता आलं असतं.

दोषमुक्त, निर्दोष, क्लीन चिट: सगळं एकच का?

नाही. दोषमुक्त म्हणजे आरोपनिश्चितीच्या आधीच, खटला चालवण्याइतका पुरावा नाही म्हणून नाव वगळणं. महाराष्ट्र सदन प्रकरणी लाचलुचपत खात्याच्या खटल्यातून विशेष न्यायालयाने भुजबळांना सप्टेंबर २०२१ मध्ये असंच दोषमुक्त केलं. निर्दोष मुक्तता पूर्ण खटला चालून होते. क्लीन चिट हा शब्द कोणत्याच कायद्यात नाही. तपास यंत्रणेचं प्रतिज्ञापत्र, चौकशी समितीचा अहवाल, मंत्र्याचं विधान परिषदेतलं उत्तर यांपैकी कशालाही तो चिकटवला जातो. कुणाला ती मिळाली असं ऐकलं, तर दिली कोणी आणि कोणत्या कागदावर, एवढं विचारावं.

माझ्या आमदारावर कोणते खटले आहेत, हे कुठे बघू?

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघ टाकलात की त्याची स्कॅन प्रत मिळते. मालमत्तेची पानं सगळे वाचतात, तुम्ही प्रलंबित गुन्ह्यांच्या तक्त्याकडे जा. प्रथम खबरी अहवालाचा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, न्यायालय, खटल्याचा क्रमांक आणि "आरोप निश्चित झाले आहेत का" असे रकाने दिसतील. कोणताही रकाना कोरा सोडता येत नाही, निदान "लागू नाही" लिहावं लागतं. खालच्या भागात दोषसिद्धी झाली असेल तर शिक्षा आणि अपिलाची स्थिती.

खटल्याचा क्रमांक टिपून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाका. पुढची तारीख कोणती आणि मागच्या तारखांना काय काय झालं, याची ओळीने नोंद तिथे मिळते. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्रही शेजारी उघडून ठेवा. तोच खटला पाच वर्षांपूर्वी कोणत्या टप्प्यावर होता आणि आज कुठे आहे, हे दोन रकाने जुळवले की कळतं.